नऊ महिने केल्टिक देवांसोबत: अराउनला दुष्ट कोणी ठरवलं?

मार्चमधल्या एका शनिवारी माझ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कॅम्पेनचं, म्हणजे टेबलाभोवती बसून महिनोन्महिने खेळायच्या गोष्टीचं, एका शब्दापायी मातेरं झालं. गोष्ट मी सांगते, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात. शब्द होता ‘दुष्ट’, आणि तो खेळाच्या नियमपुस्तकात छापला होता अराउन या केल्टिक देवाच्या नावापुढे.

नदीकाठच्या गावातला अराउनचा म्हातारा पुजारी मी तीन महिने रंगवत होते. बेवारस प्रेतांना माती द्यायची आणि त्यांची नावं पाठ म्हणायची, हे त्याचं काम. पुढची सगळी गोष्ट त्याच्यापाशी अडकवून ठेवली होती. नवऱ्याच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या योद्ध्याने, त्याच्या गळ्यातला काळा तारा, अराउनचं चिन्ह, पाहिला. नवऱ्याने पुस्तकाचं मागचं पान उघडलं, “अगं, इथे सरळ दुष्ट लिहिलंय की,” म्हणाला आणि तलवार काढली. डाइसवर वीस पडले, सगळ्यात मोठा आकडा. पुजारी गेला, त्याच्याबरोबर गोष्ट गेली. त्या रात्री चहासुद्धा कोणी मागितला नाही.

यादी अशी. खेळाच्या त्या जाड नियमपुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीच्या शेवटी केल्टिक देवांची, म्हणजे जुन्या आयर्लंड, ब्रिटन आणि गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लोकांच्या देवांची, १४ नावं आहेत आणि प्रत्येकापुढे खातं, अलाइनमेंट (चांगला की दुष्ट, नियमाने चालणारा की स्वैर), डोमेन (भक्ताला कसली शक्ती देतो), चिन्ह. आम्ही डब्लिनला राहतो. टेबलावर नवरा, धाकटा दीर, माझी एक मैत्रीण आणि नवऱ्याच्या ऑफिसातला आयर्लंडच्या केरी परगण्याकडचा एक आयरिश मित्र. ज्यांच्या देशात राहतो त्यांचेच देव खेळायला घेऊ या, असं ठरवून नोव्हेंबरात सुरुवात केली. देवतांवरची वेगळी पुस्तकं मिळतात, पण घरात एक महागडं पुस्तक असताना दुसऱ्यावर आणखी चाळीस युरो घालणं मला पटत नाही. मग त्या एका पानावरच नऊ महिने काढले.

आधी अराउन. हा वेल्श अन्नुव्हनचा, म्हणजे परलोकाचा राजा. ‘माबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथांच्या पहिल्या शाखेत तो भेटतो. त्याच्या पांढऱ्याशुभ्र, लाल कानांच्या कुत्र्यांनी हरीण पाडलेलं असतं. वेल्समधल्या डव्हेडचा राजा पुइल त्या कुत्र्यांना हाकलून आपली कुत्री त्या हरणावर सोडतो. अराउन रागावतो, पण सूड म्हणून करतो काय? तर भरपाई मागतो. वर्षभर दोघांनी एकमेकांचं रूप घ्यायचं, एकमेकांच्या राज्यात राहायचं, आणि पुइलने अराउनचा वैरी हाव्गान याला नदीच्या उतारावर एकाच घावात पाडायचं. दुसरा घाव घातला तर हाव्गान पुन्हा उभा राहणार. पुइल वर्षभर अराउनच्या राणीशेजारी झोपतो, पण तिला हातही लावत नाही. आणि डव्हेडला परतल्यावर लोकांना विचारतो, यंदा माझा कारभार कसा होता? लोक म्हणतात, महाराज, इतके प्रेमळ आणि इतक्या सढळ हाताचे तुम्ही कधीच नव्हतात. तो कारभार अराउनचा होता. खरं काय ते पुइल त्यांना सांगतो, आणि दोघे जन्माचे मित्र होतात.

आता त्याच यादीतला डिअन केख्त बघा. आयरिश देवांचा वैद्य. त्याच्यापुढे छापलंय ‘चांगला’, तेही नियमाने चालणारा चांगला. आयरिश पुराणकथांतल्या माग तुरेदच्या पहिल्या लढाईत देवांचा राजा नुआदा याचा हात तुटतो, तेव्हा डिअन केख्त त्याला चांदीचा हात बसवतो. मग त्याचा मुलगा मिआख त्यावर कडी करतो आणि सांध्याला सांधा, शिरेला शीर जुळवून नऊ दिवसांत नुआदाला हाडामांसाचा हात परत देतो. बापाला ते सोसत नाही. तो मुलाच्या डोक्यात तलवार घालतो. पहिले तीन घाव मिआख स्वतःच बरे करतो, चौथ्याने मरतो. त्याच्या थडग्यावर ३६५ वनस्पती उगवतात, शरीराच्या सांध्यांइतक्या आणि शिरांइतक्या. बहीण एअरमेड आपल्या अंगावरचा झगा पसरून त्यावर वनस्पती गुणांप्रमाणे लावते. बाप येतो आणि सगळ्या विस्कटून टाकतो. त्यानंतर त्यांचे गुण कोणालाच कळले नाहीत.

शब्द पाळणारा दुष्ट आणि पोराला मारणारा चांगला. यादी करणाऱ्याने एवढंच पाहिलं की एकाकडे मेलेले आहेत आणि दुसऱ्याकडे औषधं. मार्चपासून मी अलाइनमेंटचा रकाना पेनाने खोडून टाकलाय. खेळाचं काही अडलं नाही. उलट मैत्रिणीचं पात्र, एक क्लेरिक (देवाकडून शक्ती मिळवणारी पुजारीण), डिअन केख्तची होती, तिने मिआखची गोष्ट ऐकली आणि पुढच्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) येताना एअरमेडची पुजारीण होऊन आली. एअरमेड यादीत नाही, आम्ही तिला आत घेतलं. १४ जणांत देवी दोनच आहेत, ब्रिगँटिया आणि मोरिगन. ज्या लोकांनी नदीनदीला देवी मानली, त्यांच्यासाठी हा आकडा फार तोकडा आहे. फ्रान्समधल्या सेन नदीच्या उगमाशी लोक सेक्वाना या नदीच्या देवीला लाकडाचे हात, पाय, डोकी वाहत असत. ते शेकड्यांनी सापडलेत आणि दिजाँच्या संग्रहालयात ठेवलेत. तिथेच तिची ब्राँझची मूर्ती आहे, बदकाच्या आकाराच्या होडीत उभी. सेक्वानालाही आत घेतलं.

डिसेंबरात मी या यादीवर एका वेगळ्याच कारणाने चिडले होते. नुआदा, लू आणि दाग्दा आयर्लंडचे. अराउन आणि माथ वेल्सचे. बेलेनस मुख्यतः गॉलकडचा. ब्रिगँटिया उत्तर इंग्लंडच्या ब्रिगँटेस टोळीची. आणि सिल्व्हानस तर चक्क रोमन. सगळ्यांना एका घरात कोंबलंय असं वाटायचं. ते मत मी मागे घेते. वाचत गेल्यावर कळलं की हे देव स्वतःच फिरस्ते आहेत. आयर्लंडचा लू तोच वेल्समध्ये ल्येउ, आणि फ्रान्समधल्या ल्यों शहराचं जुनं नाव लुग्दुनम, बहुतेकांच्या मते त्याच्याच नावावरून पडलेलं. केरीचा मित्र म्हणाला, आमच्या भाषेत ऑगस्टला आजही लूनसाच म्हणतात. आयर्लंडचा नुआदा ब्रिटनमध्ये नोडेन्स म्हणून भेटतो, ग्लॉस्टरशरमधल्या लिडनीला त्याचं देऊळ होतं. तेव्हा सरमिसळीबद्दल माझी तक्रार नाही.

मला या देवांच्या प्रेमात पाडलं त्या लिडनीच्या देवळानेच. तिथे शिशाची एक पाटी सापडली आहे. सिल्व्हियानस नावाच्या माणसाची अंगठी हरवली. तो नोडेन्सला लिहून देतो: अंगठीची अर्धी किंमत तुझी, आणि सेनिकियानस नाव लावणाऱ्यांपैकी कोणालाही, ती अंगठी तुझ्या देवळात आणून देईपर्यंत आरोग्य लाभू देऊ नकोस. मी हे मोठ्याने वाचलं तर दीर पटकन म्हणाला, “वहिनी, हा तर नवस आहे!” नवसच तो. सापडलं तर अर्धं तुझं.

यादीची खरी उणीव मला इथे कळली, आणि अलाइनमेंटपेक्षा ती मोठी आहे. देव कशाचा आहे ते यादी सांगते, देव काय घेतो ते सांगत नाही. आमची पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, चार महिने प्रत्येक देवळात पाच सोन्याची नाणी टाकून पुढे जायची, दानपेटीत चिल्लर टाकावी तशी. लूट मात्र सगळी पोतडीत. खऱ्या केल्टिक लोकांचा देवाशी व्यवहार असा नव्हता. ते तलवारी वाकवून, भाले मोडून पाण्यात सोडायचे, म्हणजे पुन्हा कोणाच्या कामाला येऊ नयेत. वेल्सच्या अँगलसी बेटावर १९४२ साली विमानतळासाठी दलदलीतली माती काढताना एक लोखंडी साखळी वर आली. कामगारांनी ती ट्रॅक्टरला लावून चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढले, आणि ती तुटली नाही. नंतर समजलं, ती दोन हजार वर्षांपूर्वीची, गुलामांच्या गळ्यात अडकवायची साखळी होती आणि त्या तळ्यात वाहिलेली होती.

इथल्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. मी चार वेळा गेले, ब्रॉयटर या ठिकाणी सापडलेल्या होडीसाठी. शेताची नांगरट करताना १८९६ मध्ये सापडलेली सोन्याची होडी, लांबी साधारण वीस सेंटिमीटर. आत बसायच्या फळ्या, मधोमध डोलकाठी, आणि दोन्ही बाजूंना काडीसारखी वल्ही. काचेला नाक लावलं की वल्ह्याचं पातं वेगळं दिसतं. या होडीवरून लंडनच्या कोर्टात १९०३ पर्यंत खटला चालला. कोणी परत न्यायला पुरून ठेवली असेल तर ती राजाची, आणि समुद्रदेवाला वाहून टाकली असेल तर ज्याने विकत घेतली त्या ब्रिटिश म्युझियमची. त्या समुद्रदेवाला, मानानान माक लिरला, सोनं वाहिलं होतं की नाही, हे न्यायाधीशाने ठरवायचं! निकाल राजाच्या बाजूने लागला आणि होडी डब्लिनला परत आली. पण काचेसमोर उभं राहिलं की मला निकाल पटत नाही. इतकी नाजूक वल्ही कोणी लपवून ठेवण्यासाठी घडवत नाही.

घरी येऊन नियम केला: देवाकडे काही मागायचं तर रोजच्या वापरातली वस्तू मोडून पाण्यात सोडायची, आणि ती पुन्हा कधीही मिळणार नाही. दोन सेशन कोणी काही मागितलंच नाही. मग मैत्रिणीची पुजारीण विषाने मरायला टेकली. दिराने आपली जादूची तलवार, जिच्यासाठी पार्टी चार महिने राबली होती, ती कॅरेक्टर शीटवरून (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरून) पेनाने खोडली. मी विचारलं, “वाकवलीस का?” तो म्हणाला, “गुडघ्यावर, वहिनी.” कोणी हललं नाही. नऊ महिन्यांत त्याच्याइतका चांगला क्षण आमच्या टेबलावर आलेला नाही, आणि त्याला डाइस लागला नाही.

बाकी यादीबद्दल थोडक्यात. लिहिण्या-बोलण्याचा देव ओग्मा याचं चिन्ह उलगडलेली गुंडाळी दिलंय, त्यापेक्षा ओघम ही जुनी आयरिश लिपी वापरा. दगडाच्या कडेवर रेघा पाडायच्या, एक रेघ ‘ब’, दोन ‘ल’. आइस्क्रीमच्या काड्यांवर मुलंही करतात. दाग्दाचं चिन्ह, कढई, ठीक. मोरिगनला नुसतं युद्धाच्या खात्यात बसवलंय, पण ती गाय, मासा, लांडगी होऊन येते, ते स्वतः घाला. डोंगरांचा देव दुनातिस मी नऊ महिन्यांत एकदाही काढला नाही.

आणि अराउन. जूनमध्ये तो स्वतः पॅलाडिनसमोर आला, पुजाऱ्याची भरपाई मागायला. तेच, एक वर्ष अदलाबदल. नवऱ्याने वाद घातला नाही, हो म्हणाला. दोन सेशन तो अन्नुव्हनच्या दरबारात अराउन होऊन बसला, उतारावर एकच घाव घातला आणि थांबला. खेळातलं वर्ष संपल्यावर पॅलाडिन गावी परतला. मी त्याची धाकटी बहीण झाले होते. दारातच म्हटलं, “दादा, यंदा तू बदललास. रोज संध्याकाळी नदीवर जायचास, त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या थडग्यापाशी बसायचास, त्याने पुरलेल्यांची नावं म्हणायचास. मलाही शिकवलीस.”

नवऱ्याने तलवार खोडायला पेन हातात घेतलं, मग विचारलं, “कोणती नावं? मला सांग, लिहून घेतो.”