घाबरायचंच असेल तर: 'द स्ट्रेन' की 'मिडनाइट मास'?

परवा आतेभावाचा फोन आला. "दादा, व्हॅम्पायरची एकच सिरीज बघायची आहे, पण भीती वाटली पाहिजे. प्रेमात पडणारे देखणे व्हॅम्पायर नकोत. कोणती लावू?" मी दोन नावं सांगितली आणि मग पाऊण तास त्या दोन नावांवरच बोलत बसलो. हा घोळ मी स्वतः घालून झालेला आहे, म्हणून लिहून टाकतो. थोडं कथानक फुटेल, पण त्याशिवाय भीतीबद्दल बोलता येत नाही.

आधी 'द स्ट्रेन'. 2014 ते 2017, चार सीझन, गिएर्मो देल तोरो आणि चक होगन यांच्या डोक्यातून निघालेली. सुरुवात अशी की जेवणाचं ताट बाजूला राहावं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर एक विमान उतरतं आणि धावपट्टीवरच गपगार उभं राहतं. दिवे बंद, आत जवळजवळ सगळे मेलेले. तपासाला साथरोगांचे डॉक्टर येतात, कारण इथे व्हॅम्पायर होणं हा संसर्ग आहे, कातडीखाली वळवळणाऱ्या बारीक अळ्यांचा. आणि या रोगाचा एक नियम आहे, ज्यासाठी मी आजही या सिरीजला हात जोडतो: बाधा झालेला माणूस आधी आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाकडे जातो. विमानात मेलेली लहान मुलगी रात्री घरी परत येते. बाप दार उघडतो. तुम्ही काय केलं असतं?

विमानातून चौघे वाचतात. त्यांतला अँसेल नावाचा साधा संसारी माणूस तर विसरता येत नाही. आपल्याला काय होतंय ते त्याला कळायला लागतं आणि तो अंगणातल्या शेडमध्ये स्वतःला साखळीने जखडून घेतो, बायकोने जवळ येऊ नये म्हणून. तो अर्धा माणूस असेपर्यंत माझ्या अंगावर काटा होता. पूर्ण राक्षस झाला आणि काटा गेला. तेव्हा हे का झालं ते कळलं नव्हतं.

कळलं ते नांगीमुळे. यांच्या व्हॅम्पायरला सुळे नाहीत. जबडा उघडतो आणि घशातून पाच-सहा फूट लांब नांगी सुटते, सपकन. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खरोखर ओरडलो. दुसऱ्यांदा दचकलो. मग ती प्रत्येक भागात सुटायला लागली, दारामागून, गटारातून, भुयारातून, आणि मला दर वेळी आमच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागची पाल आठवायला लागली. तीही अशीच किडे टिपते. तिला बघून कोणी देवाचं नाव घेत नाही, फार तर झाडू घेतो. त्यात भर म्हणून एका राक्षसाचं शवविच्छेदन करून कुठला अवयव कशासाठी, हेही समजावून दिलं जातं. देल तोरोंना राक्षसाच्या शरीराची मनापासून आवड आहे आणि कारागिरी अप्रतिम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सगळं समजल्यावर घाबरायचं कशाला? सिरीजमधलं माझं आवडतं पात्र म्हणजे फेट, धंद्याने उंदीर मारणारा. तो हसतखेळत भुयारात उतरतो तेव्हा मजा येते. मजाच येते, भीती नाही.

माझ्याकडे मोजमाप म्हणाल तर एकच आहे: मटार. थंडीचे दिवस होते. 'द स्ट्रेन' चालू असताना बायकोने दोन संध्याकाळींत किलोभर मटार सोलले, मधूनमधून वर बघत. "आली का तुमची पाल?" एवढंच विचारायची. मुख्य खलनायकाच्या, मास्टरच्या, डोक्यावरची टोपी पहिल्याच सीझनमध्ये बाजूला होते आणि त्याचा चेहरा दिसतो, तेव्हा तर ती हसली. मी रागावलो, कारण मलाही हसू आलं होतं. दुसऱ्या सीझनच्या मध्यात सोडली. पुढचे भाग नंतर तुकड्यातुकड्यांत पाहिले, तेव्हा त्याला दोष देताना मी जरा हात राखून देतो.

'मिडनाइट मास' 2021 ची, माइक फ्लॅनगनची, सातच भाग. क्रॉकेट नावाचं बेट, वस्ती 127 माणसांची. मासेमारी बसलेली, तरुण पोरं बाहेर पडलेली, चर्चमध्ये मोजकी डोकी. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या वाडीवर राहिलेल्या माणसाला हे बेट ओळखीचं वाटेल. तिथे एक नवा, प्रेमळ, किंचित अवघडलेला पाद्री येतो. मग चालू न शकणारी मुलगी चालायला लागते, म्हातारी माणसं ताजीतवानी होतात, चर्च भरायला लागतं. वादळानंतर किनाऱ्यावर मेलेल्या मांजरांचा खच पडलेला असतो, पण चमत्कार चालू असताना मांजरांची चौकशी कोण करतंय?

सातही भागांत 'व्हॅम्पायर' हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. पाद्री त्या पंखवाल्या प्राण्याला देवदूत समजतो. मनापासून समजतो, ढोंग नाही. तो प्राणी स्वतः एक अक्षर बोलत नाही. त्याला नियम नाहीत, इतिहास नाही, वंशावळ नाही. एका प्रसंगी तो पाद्र्याचा सोनेरी झगा घालून भरल्या चर्चमध्ये चालत येतो. चेहरा म्हणाल तर टकला, पांढरा, मास्टरपेक्षा काही फार निराळा नाही. तरी इथे कोणी हसलं नाही, कारण मी त्या चेहऱ्याकडे बघतच नव्हतो. बाकांवरच्या माणसांकडे बघत होतो. कोण मागे सरकतंय आणि कोणाचे हात जोडलेलेच राहतायत ते.

व्हॅम्पायरला घरात यायला आमंत्रण लागतं, ही तिकडची जुनी समजूत. 1979 च्या 'सेलम्स लॉट' या व्हॅम्पायरच्याच टीव्ही मालिकेत मेलेला मुलगा धुक्यात तरंगत खिडकीशी येतो आणि काचेवर नखं घासतो. आत घ्या म्हणून. आमची आजी सांगायची, रात्री बाहेरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दोन्हीकडे धोका एकच: दार आपण उघडायचं असतं. 'द स्ट्रेन'ने हे त्या मुलीच्या प्रसंगात अचूक पकडलं होतं आणि मग नांगीच्या नादात सोडून दिलं. फ्लॅनगनने ते सातही भाग सोडलं नाही.

अर्थात 'मिडनाइट मास'चं दुखणंही सांगायला हवं. माणसं बोलतात. फार बोलतात. मेल्यावर काय होतं यावर सोफ्यावर बसून दोघं जण इतका वेळ बोलतात की मी उठून दूध तापवून आलो तरी पहिला माणूस संपलेला नव्हता. ज्याला धावपळ, मारामारी, तलवारीने मुंडकी उडवणं हवं आहे, त्याला 'द स्ट्रेन' नक्की आवडेल. मित्रांचा कंपू असेल तर मीही तीच लावेन. भीतीसाठी मात्र, निदान आमच्या घरी, सामना बरोबरीचा झाला नाही. मटार ताटात तसेच राहिले.

आणि ज्याच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्याने या दोन्ही सोडून 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चा 1999 चा 'हश' हा भाग बघावा. सुटातले, हसतमुख, जमिनीला पाय न लावता तरंगत येणारे जंटलमन गावाचा आवाज चोरतात, आणि मग ओरडायचीही सोय राहत नाही. मजा म्हणजे ते व्हॅम्पायर नाहीतच.

आतेभावाने शेवटी 'मिडनाइट मास' लावली. तिसऱ्या भागापर्यंत धीर धर, एवढं मी त्याला बजावलं होतं. पाचव्या भागात एक होडी आहे, ते सांगितलं नाही. रविवारी पहाटे पाचला त्याचा मेसेज आला, "उजाडायची वाट बघतोय."