जुन्या सेफ्टी रेझरने रोजची दाढी: काही महिन्यांनंतरचे मत

जुना सेफ्टी रेझर घेताना मुलाम्याची झळाळी सर्वांत शेवटी पाहावी. त्याचे डोके पाते सरळ धरते की नाही, हे आधी पाहावे. गेले कित्येक महिने जिलेटचे चार जुने रेझर आळीपाळीने वापरल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे.

किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिचे मर्म पात्याच्या पातळपणात आहे. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे दुधारी पाते वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यात कमानीसारखे वाकवून घट्ट धरले, की ते ताठ होते आणि कापू लागते. त्यामुळे पट्टी केसभर जरी वाकलेली असली, तरी पात्याची एक बाजू जास्त बाहेर येते. मग एका गालावर खुंट राहतात आणि दुसऱ्यावर जळजळ होते. पाते बसवून रेझर उजेडासमोर आडवा धरावा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी दिसते का, ते पाहावे. दातेरी पट्टीचा रेझर असेल तर एकेक दाता निरखावा, कारण रेझर हातातून निसटला की पहिला मार सहसा कोपऱ्यातल्या दात्यांना बसतो. पोकळ दांड्याला उभी चीर गेलेली नाही ना, हेही तपासावे. ‘न वापरलेला’ म्हणून एका विक्रेत्याने मला पाठवलेल्या रेझरच्या दांड्याला बुडापासून मधल्या पेरापर्यंत चीर होती आणि ती छायाचित्रात दिसणार नाही अशा बेताने तो ठेवलेला होता.

संग्राहक ज्याला ‘ओल्ड टाइप’ म्हणतात, तो माझ्याकडचा सर्वांत जुना नमुना. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले, आणि या घराण्यातले रेझर अजूनही सहज सापडतात त्याचे एक कारण ते असावे. तीन भागांच्या या रेझरमध्ये आजचे पाते व्यवस्थित बसते. दांडा पूर्ण आवळला तर दाढी सौम्य होते आणि किंचित सैल केला तर पाते जरा मोकळे होऊन जवळून कापते. ही सोय कंपनी स्वतःच ग्राहकांना समजावून सांगत असे. चार दिवसांची वाढलेली दाढी उतरवण्यात दातेरी पट्टी सरस ठरते, कारण साबणाचा फेस पुढे ढकलला न जाता दात्यांमधून पात्यापर्यंत पोहोचतो. रोजच्या दाढीला मात्र तो मला अकारण धारदार वाटतो.

रोजच्या कामाचा खरा रेझर म्हणजे १९३८ साली आलेला ‘टेक’. यात दाते जाऊन सलग सुरक्षापट्टी आली. दिसायला अगदी साधा, संग्राहकांच्या गप्पांत फारसा न येणारा. पण हनुवटीखाली, जिथे केस चारी दिशांना उगवतात, तिथे इतका निर्धास्त हात मी दुसऱ्या कोणत्याही रेझरने फिरवत नाही. दांडा गालाशी साधारण ३० अंशांचा कोन करील असा धरावा आणि रेझरच्या वजनालाच काम करू द्यावे. दाबण्याची सवय काडतूसवाल्या, म्हणजे पाती बसवलेले तयार डोके लावायच्या, रेझरने लावलेली असते, ती जायला काही आठवडे लागतात. गुळगुळीतपणासाठी उलटी दाढी करायचीच असेल, तर पुन्हा फेस लावून शेवटी एकदाच करावी.

१९४७ चा ‘सुपर स्पीड’ हा सोयीचा राजा. दांड्याच्या बुडाची कळ फिरवली की वरच्या दोन झडपा उघडतात आणि पाते अलगद आत ठेवता येते. मधल्या दांडीवर दिसणाऱ्या खाचा शोभेच्या नाहीत. त्या काळी डबीतून पाते थेट रेझरवर सरकवता यावे म्हणून त्या ठेवलेल्या होत्या. दाढी मात्र मला ‘टेक’पेक्षा थोडी वरवरची वाटली. शिवाय झडपांच्या सांध्यात साबण साचतो. कोमट पाणी, भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यावर तो निघतो. उकळते पाणी आणि घासणारी पावडर दोन्ही टाळावीत, विशेषतः सोन्याचा मुलामा असेल तर, कारण तो थर फारच पातळ असतो. नंतर कळीच्या दांडीवर खनिज तेलाचा एक थेंब पुरतो.

उरला १९५८ ते १९६१ या काळातला, एक ते नऊ आकड्यांचा ‘फॅटबॉय’. तळाच्या पट्टीवरचा अक्षर-आकडा त्याचे वय सांगतो: ए म्हणजे १९५५, तिथून पुढे दर वर्षी एक अक्षर, आणि आकडा तिमाहीचा. माझ्याकडचा ई-२, म्हणजे १९५९ च्या दुसऱ्या तिमाहीतला. मानेवरचे हे आकड्यांचे कडे फिरवले की पाते आणि सुरक्षापट्टी यांतली फट बदलते. मात्र कडे फिरवण्याआधी बुडाची कळ थोडी सैल करावी, नाहीतर आतली यंत्रणा झिजते. याच्या लौकिकाइतका तो मला भावला नाही. डोके जाडजूड असल्याने नाकाखाली तो अडतो, आणि नऊपैकी तीन ते पाच याच आकड्यांवर माझे काम भागते. तरीही नवे पाते पारखायला याच्यासारखा दुसरा नाही. एकाच पात्यावर आकडा बदलत गेलो, की ते आपल्या दाढीला कुठवर सोसते हे दोन-तीन दिवसांत कळते, आणि मग तेच पाते मी निश्चिंतपणे ‘टेक’मध्ये घालतो. हे काम त्याच्याकडे असल्यामुळे अधिक तिखट कापणारा लाल बुडाचा ‘सुपर स्पीड’ घेण्याचा बेत मी सध्या बाजूला ठेवला आहे.