एक मशीन, अनेक साइट्स: आंबा, पाऊस आणि गणपती निभावल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीत बसून किनाऱ्यावरच्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट्स सांभाळणं हे माझं काम. पूर्वी प्रत्येकाचं शेअर्ड होस्टिंग वेगळं होतं. पासवर्ड वेगळे, पॅनेल वेगळं, पैसे भरायच्या तारखाही वेगळ्या. आंब्याचा मोसम सुरू होण्याआधी सगळ्यांना मुंबईच्या डेटासेंटरमधल्या एकाच भाड्याच्या व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरमधला आपल्यापुरता राखलेला भाग) आणलं. चार जीबी रॅम, उबुंटू लिनक्स, पुढे मागण्या घेणारा वेब सर्व्हर एंजिनएक्स, मागे पीएचपी चालवणारा पीएचपी-एफपीएम आणि डेटाबेससाठी मारियाडीबी. देवगडच्या एका बागायतदारांचं हापूसचं दुकान, तारकर्लीतली होमस्टे, मालवणातलं स्कूबा बुकिंग, गुहागरजवळच्या एका गावाची उत्सवाची साइट, एका वाचनालयाची पुस्तकांची यादी असा सगळा गोतावळा आहे. मोसम, पावसाळा, गणपती आणि दिवाळीची सुट्टी एवढं सगळं या मशीनने काढलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

कोकणातल्या साइट्सना एक मशीन वाटून घेणं फार मानवतं, कारण त्यांची गर्दी एका वेळी होत नाही. मार्च ते मे आंब्याचं दुकान ओसंडून वाहतं. जूनपासून बोटी बंद, स्कूबा बंद, त्यामुळे बुकिंगच्या साइट्स शांत. गणपतीच्या आधी चाकरमानी गावच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक मोबाइलवर बघू लागतात. होमस्टेना खरी मागणी दिवाळीपासून डिसेंबर अखेरपर्यंत. प्रत्येकाने स्वतंत्र मशीन घेतलं असतं, तर ते वर्षातले बरेच महिने रिकामं पडून राहिलं असतं. मात्र घर एक असलं तरी चुली वेगळ्याच हव्यात. माझी सगळी मेहनत त्या चुली वेगळ्या करण्यात गेली.

एका आयपी पत्त्यावर अनेक साइट्स कशा चालतात, हे थोडक्यात. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर 'होस्ट' हेडरमध्ये साइटचं नाव पाठवतो. १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून हे हेडर सक्तीचं आहे. एंजिनएक्स ते नाव प्रत्येक सर्व्हर ब्लॉकमधल्या (एका साइटच्या मांडणीचा तुकडा) 'सर्व्हर_नेम'शी ताडून बघतो आणि जुळेल त्या ब्लॉकमधून पानं देतो. एचटीटीपीएसमध्ये साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट त्याआधीच दाखवावं लागतं, म्हणून सुरक्षित जोडणीच्या पहिल्याच निरोपात ब्राउझर नाव सांगतो. त्या सोयीला एसएनआय म्हणतात.

नाव कुठेच जुळलं नाही तर काय होतं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. तारकर्लीच्या एका होमस्टेचं डोमेन आमच्या आयपीकडे वळवून झालं होतं, ब्लॉक अजून चालू व्हायचा होता. तेवढ्यात मालकांचा फोन: "अरे बाबू, माझ्या साइटीर देवगडचे आंबे खंयसून इले?" एंजिनएक्सला नाव सापडलं नाही, की तो त्या पोर्टवरच्या 'डीफॉल्ट' ब्लॉककडे जातो, आणि तसा कुठला ठरवलेला नसेल तर पहिल्या ब्लॉककडे. 'साइट्स-एनेबल्ड'मधल्या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात. आंब्याची फाइल 'ए'पासून सुरू होणारी, म्हणून ती पहिली! आता शून्यापासून सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल सर्वांत आधी असते. तिच्यात 'डीफॉल्ट_सर्व्हर' लिहिलेलं आहे आणि अनोळखी नाव आलं की ती ४४४ देऊन काही न बोलता जोडणी तोडते. एचटीटीपीएससाठी 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक' चालू केलं आहे. ही सोय एंजिनएक्स १.१९.४ पासून मिळते. नुसत्या आयपीवर येऊन धडका मारणारे बॉट्सही त्यामुळे दारातूनच परत जातात. नवीन मशीन लावणाऱ्या प्रत्येकाने पहिली साइट चढवण्याआधी ही फाइल करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

यापेक्षाही महत्त्वाचं काम पीएचपीच्या पूल्सचं, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसच्या गटांचं. सगळ्या वर्डप्रेस साइट्स एकाच पूलवर ठेवल्या, तर एप्रिलमधल्या संध्याकाळी आंब्याच्या ऑर्डरी सगळे पीएचपी प्रोसेस अडवून बसतात आणि वर्षभर शांत असलेली दुसरी साइटही उघडत नाही. म्हणून प्रत्येक साइटला स्वतःचा पूल आणि लिनक्सवरचा स्वतःचा युजर दिला. आमच्याकडे एक प्रोसेस साधारण सत्तर एमबी खातो. त्या हिशेबाने दुकानाला वीसची मर्यादा, म्हणजे १.४ जीबी. बाकीच्यांना प्रत्येकी चार आणि तेही 'ऑनडिमांड', म्हणजे मागणी आली की प्रोसेस उभा राहतो आणि काम नसेल तर दहा सेकंदांत मिटतो. डेटाबेसला पाचशे एमबी राखून ठेवले. मे संपला की हे आकडे बदलायचे: दुकानाचे कमी, होमस्टेचे वाढवायचे. वाचनालयाची साइट साध्या एचटीएमएलची आहे. तिला पीएचपी लागतच नाही, तिचा भार जाणवतही नाही.

वेगळ्या युजरचा खरा फायदा पावसाळ्यात कळला. एका साइटवरच्या जुन्या प्लगिनमधून कुणीतरी आत शिरलं आणि 'अपलोड्स'मध्ये स्पॅमच्या फाइली टाकून गेलं. त्या युजरला शेजारच्या साइटची डेटाबेसच्या पासवर्डची फाइल वाचायची परवानगीच नव्हती, त्यामुळे घाण एका फोल्डरपुरतीच राहिली. तेवढं फोल्डर साफ करून प्लगिन बदललं, बाकी कुणाला काही कळलंही नाही. 'अपलोड्स'मध्ये पीएचपी चालूच द्यायचं नाही, ही ओळ तेव्हापासून प्रत्येक ब्लॉकमध्ये आहे.

उत्सवाच्या साइटचं डोमेन देवनागरीत, शेवटी '.भारत' असलेलं. मला ते मनापासून आवडतं, गावातल्या वयस्कर मंडळींनाही वाचता येतं. पण ब्राउझर सर्व्हरकडे देवनागरी अक्षरं पाठवत नाही, 'एक्सएन--'ने सुरू होणारं इंग्रजी अक्षरांतलं प्युनीकोड रूप पाठवतो. 'सर्व्हर_नेम'मध्ये तेच लिहावं लागतं. हे रूप बरंच लांबलं, तर एंजिनएक्स 'सर्व्हर_नेम्स_हॅश_बकेट_साइझ' वाढवा म्हणून अडून बसतो. आमच्याकडे ६४ चं १२८ केलं आणि चालू झालं. देवनागरी डोमेन घेणाऱ्यांनी एवढ्यावरून मागे फिरू नये.

सर्टिफिकेट्स लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची, फुकट, नव्वद दिवसांची. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ती आपोआप नवी करतो. सगळ्या डोमेनचं मिळून एकच सर्टिफिकेट घेता येतं, पण तसं करू नका. एका मालकाने डोमेनचे पैसे वेळेवर भरले नाहीत, तर त्या एका नावाची तपासणी फसते आणि सगळ्यांचंच नूतनीकरण अडतं. प्रत्येक साइटला वेगळं सर्टिफिकेट बरं. मुदत संपत आल्याचे ई-मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे तारखा तपासणारी स्वतःची छोटी स्क्रिप्ट रोज चालवतो.

लहानसहान गोष्टी: एंजिनएक्सला एक एमबीपेक्षा मोठं अपलोड मुळात चालत नाही. बागायतदार काका मोबाइलवरून पेटीचे फोटो चढवायला गेले की ४१३ ची एरर येई. 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' त्यांच्याच ब्लॉकमध्ये वाढवलं. प्रत्येक साइटचा लॉग वेगळा ठेवला, नाहीतर कुणाच्या साइटवर काय बिघडलंय ते शोधताना डोळे दुखतात.

अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर घ्यावा की एंजिनएक्स? अपाचेवर साइटचे नियम लिहायची 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइल चालते, एंजिनएक्स ती वाचतच नाही. जुन्या साइट्सचे नियम नव्याने लिहिण्यात माझे बरेच दिवस गेले. ज्यांच्याकडे तसे नियम ढीगभर आहेत, त्यांनी अपाचेवरच राहावं. कॅडी हा आणखी एक वेब सर्व्हर, ते सर्टिफिकेट स्वतःच घेतं, दोन-तीन साइट्सना ते सर्वांत सोपं पडेल. रॅम मोजून वापरायची असेल, तर मला एंजिनएक्सच हवा.

पावसात इथे वीज जाते, ब्रॉडबँड जातं. मोबाइलच्या डळमळत्या नेटवर्कवरून एसएसएच करून (दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) काम करताना एक नियम फार उपयोगी पडला: बदल केला की आधी मांडणी तपासणारी 'एंजिनएक्स -टी' ही आज्ञा आणि मगच 'रीलोड'. रीलोडमध्ये चूक सापडली तर जुनी मांडणी तशीच चालू राहते. 'रीस्टार्ट' केलं आणि एका फाइलमध्ये एखादा अर्धविराम लिहायचा राहिला असेल, तर सगळ्या साइट्स एकदम बंद. एसएसएच मध्येच तुटलं तरी काम चालू राहावं म्हणून सगळं 'टीमक्स'मध्ये करतो.

न आवडलेली गोष्ट एकच, पण मोठी. ऐन मे महिन्यात व्हीपीएस देणाऱ्या कंपनीने देखभालीसाठी मशीन दुपारभर बंद ठेवलं, आणि त्यासोबत आमची प्रत्येक साइट. आता रोज रात्री प्रत्येक साइटच्या फाइली आणि डेटाबेस दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीकडे जातात. पुढच्या मोसमात मार्च ते मे एवढ्यापुरतं आंब्याचं दुकान स्वतंत्र मशीनवर हलवणार आहे. काकांना त्याचा खर्च आधीच सांगितलाय आणि ते तयार आहेत. ई-मेलही या मशीनवर ठेवलेलं नाही: एका साइटवरून स्पॅम गेलं, तर एकाच आयपीमुळे सगळ्यांचे मेल अडकतील. बाकीचे सगळे इथेच राहणार.