ऑटोमॅटिक गाडीच्या ऑइल लाइन बदलून घेताना : म्हापशातील एका गॅरेजविषयी

आमचे घर मोरजीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खाऱ्या हवेने गाडीच्या तळाचे लोखंड लवकर खाल्ले जाते. गेल्या एप्रिलमध्ये अकरा वर्षांच्या आमच्या ऑटोमॅटिक गाडीखाली लाल तेलाचे थेंब दिसू लागले. गिअरबॉक्समधले तापलेले तेल थंड होण्यासाठी रेडिएटरकडे नेणारी नळी क्लिपखाली, जिथे ओल अडून राहते नेमकी तिथेच, गंजली होती. पहिल्या गॅरेजने तेवढा भाग कापून पेट्रोलचा रबरी पाइप क्लॅम्पने आवळून दिला, आणि तो महिनाभरात मऊ पडून पुन्हा गळू लागला. हे तेल कमी झाले की आतला दाब पडतो, गिअरबॉक्समधले क्लच घसरतात आणि जळतात. म्हणून अशी ठिगळे मला मुळीच पटत नाहीत.

म्हापशातल्या मेस्त्रींनी मात्र जाणाऱ्या आणि परतीच्या दोन्ही लाइन पूर्ण बदलण्याचा आग्रह धरला. त्यांचे काम मी जवळ उभा राहून पाहिले. प्रत्येक नट त्यांनी आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे फिरवून घेतला, तो सहज जातो याची खात्री केली आणि मगच पाना लावला. रेडिएटरच्या बाजूला एका पान्याने सांधा धरून दुसऱ्याने नट आवळला, कारण एकाच पान्याने जोर लावला तर टाकीचा सांधाच पिळवटून फुटू शकतो आणि मग रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तेलात मिसळून अख्खा गिअरबॉक्स जातो. तांब्याचे वॉशर नवे घातले, नळी सायलेन्सरपासून दूर राहील अशा बेताने क्लिपांत बसवली. तेल भरल्यावर इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर एकेका जागी थांबवत फिरवला आणि तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक पाहिली. पर्वरीचा चढ चढून आल्यावर गाडी पुन्हा वर घेऊन प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून तपासला. इतकी निगुती मी क्वचितच पाहिली आहे.

संपूर्ण पावसाळा उलटला, तरी रात्री गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा सकाळी कोरडाच असतो.

दोन दिवसांचे काम चार दिवसांवर गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु बिलावर नुसते ‘ऑइल’ असे न लिहिता त्याचा ग्रेड लिहावयास हवा होता. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या हातून तेल भरून घ्यावे लागले, तर तेच घालता आले पाहिजे. मी तो विचारून सर्व्हिस बुकात लिहून ठेवला आहे.