व्हर्टस जीटी मॅन्युअल: दीडशे पीएस आणि दोन सिलिंडरांचा नाद

वीस लाखांच्या आत ज्याला चालवायची हौस आहे त्याच्यासाठी आपल्याकडे खरी स्पोर्ट्स कार नाहीच. मिळतात त्या घरगुती गाड्यांच्या चपळ आवृत्त्या. 2022 मध्ये फोक्सवॅगनची पोलो बंद झाल्यावर माझ्या यादीत ह्युंदाईची आय-20 एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर आणि फोक्सवॅगनचीच व्हर्टस जीटी एवढीच नावे उरली. पहिल्या दोन्ही गाड्या 120 पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती), दोघींना सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि किंमत कितीतरी कमी. तरीही मी चाकणला तयार होणारी व्हर्टस घेतली, कारण तिच्या 1.5 टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाचा 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 1600 आरपीएमपासूनच मिळतो आणि घाटात दर वळणानंतर गिअर उतरवण्याची कटकट राहत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. भार हलका असला की या इंजिनाचे मधले दोन सिलिंडर झोपी जातात: त्यांचे व्हॉल्व्ह मिटतात, इंधन थांबते आणि उरलेल्या दोघांवर गाडी चालते. सुरुवातीचे काही महिने मी ही सोय माहितीपत्रकाची शोभा समजत होतो, कारण सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत ती क्वचितच जागी होते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मत बदलले. तिथे शंभरची मर्यादा आहे आणि कॅमेऱ्यांमुळे ती पाळावीच लागते. सहाव्या गिअरमध्ये सपाट पट्ट्यावर पाय अगदी हलका ठेवला की पडद्यावर दोन सिलिंडरांची सूचना उमटते, आणि अंगठ्याचा दाब जरा वाढला की नाहीशी होते. चारांवरून दोनांवर येताना धक्का जाणवत नाही, म्हणूनच नजर रस्त्यावरून त्या सूचनेकडे वारंवार वळते, आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना ही सवय मुळीच पसंत नाही. पण लिटरला 18-19 चे ॲव्हरेज दिसू लागले की दीडशे पीएसची गाडी घेतल्याची टोचणी बरीच कमी होते.

या नादामुळे एक खर्चही वाचला. खड्ड्यात आपटून टायरला फुगा आला, तेव्हा टायरच्या दुकानदाराने चारही टायर रुंद आकाराचे घ्या, ग्रिप वाढेल, असा आग्रह धरला आणि एक टायर बदलून दे म्हटल्यावर असा चेहरा केला की जणू मी उधारीच मागितली. रुंद टायरला लोटायला जास्त जोर लागतो, म्हणजे दोन सिलिंडरांवरचा प्रवास आखूड होतो, हे कारण सांगून मी मूळ 205/55 आर16 आकाराचाच एक टायर घेतला.

ताम्हिणी घाटात मात्र हा सगळा हिशोब बाजूला पडतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढणीवरून गाडी ज्या ओढीने निघते ती ओढ एकशेवीस पीएसवाल्यांत चाचणीच्या वेळी मला जाणवली नव्हती. उतारावर भर पावसात आय-20 एन लाइनचे मागचे डिस्क ब्रेक आठवतात, कारण इथे मागे ड्रमच आहेत. रोज शहरात दहा-पंधरा किलोमीटरच फिरणाऱ्याने आय-20 एन लाइन घ्यावी आणि वाचलेल्या पैशांचे पेट्रोल भरावे. महिन्यातून दोनदा तरी घाट ओलांडणाऱ्याने व्हर्टसच घ्यावी, तीही मॅन्युअल. सिलिंडर कधी झोपतात ते पायाने ठरवण्याची मजा मला तरी डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत आली नाही.