'बेटर कॉल सॉल': दोन सख्खे भाऊ आणि एक उलटा पडलेला आकडा

गेली 22 वर्षं मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, वाटपाचे दावे. सख्ख्या भावांची भांडणं टाइप करण्यातच निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे टीव्हीवर कोर्ट दिसलं की मी चॅनेल बदलते. आपल्या मालिकांतला तो ऐन वेळी दारातून धावत येणारा साक्षीदार मला बघवत नाही. मागच्या वर्षी भाच्यानं नेटफ्लिक्सवर 'बेटर कॉल सॉल' लावून दिली. म्हणाला, "आत्या, यातली माणसं तुझ्यासारखी कागदं उपसतात, बघ तरी." सहा सीझन, 63 भाग. रोज रात्री जेवणं आवरल्यावर एक, असं करत संपवली. आता दुसऱ्यांदा बघतेय.

मालिका अमेरिकेतली, 2015 ते 2022 या काळात आलेली. व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी ती रचली. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये सॉल गुडमन नावाचा जो लबाड वकील आहे, त्याची ही आधीची गोष्ट. मी 'ब्रेकिंग बॅड' पाहिलेलं नव्हतं. मधेमधे येणारे कृष्णधवल प्रसंग उमगायला त्यामुळे वेळ लागला, बाकी काही अडलं नाही. पुढं मी तिसऱ्या सीझनपर्यंतची गोष्ट सांगणार आहे. कोरी पाटी ठेवून बघायची असेल तर इथंच थांबा.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावात जिमी मगिल नावाचा धडपड्या वकील आहे. त्याचं ऑफिस एका नेल सलूनच्या मागच्या खोलीत. थोरला भाऊ चक मोठ्या वकिली फर्मचा भागीदार, कायद्याचा गाढा विद्वान. त्याला विजेचा त्रास होतो अशी त्याची पक्की समजूत आहे. घरात दिवे नाहीत, कंदील आहेत. भेटायला येणाऱ्यानं फोन बाहेर ठेवूनच आत यायचं. धाकटा जिमी रोज त्याला बर्फ, वर्तमानपत्रं, किराणा आणून देतो. पहिले आठ भाग आपण हेच बघतो आणि जिमीची दया येते. नवव्या भागात कळतं, की त्याच फर्ममध्ये जिमीला घेऊ नका असं आतून सांगणारा चकच होता. तरुणपणी बर्फावर मुद्दाम घसरून पडून भरपाई उकळणारा, पोस्टानं शिकून वकील झालेला हा भाऊ त्याच्या लेखी वकीलच नाही. माकडाच्या हाती कोलीत, एवढीच त्याच्या सनदेची किंमत.

मालिकेचं खरं बळ इथं आहे: चक खोटं बोलत नाही. जिमी खरंच लबाडी करतो, कागद बदलतो, माणसांना गंडवतो. पण तो जीव लावणाराही आहे. थोरल्यानं एकदा पाठीवर हात ठेवला असता तर तो सुधारला असता की नाही, हे मालिका ठरवून देत नाही. खलनायक कोण ते पार्श्वसंगीत सांगत नाही. एका भागात मला चकची बाजू पटायची, दुसऱ्यात जिमीची. आमचे हे पहिल्यापासून जिमीकडून होते आणि त्यावरून आमचे खरेखुरे वाद झाले.

एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय, दोघं उशाशी बसलेले. जिमी खायला काहीतरी आणायला बाहेर जातो. तेवढ्यात आई डोळे उघडते आणि समोर बसलेल्या चकला नव्हे, तर "जिमी" अशी हाक मारते. पुन्हा मारते. आणि जाते. जिमी पिशवी घेऊन येतो, विचारतो, काही बोलली का? चक म्हणतो, नाही. बस्स. झूम नाही, तीनदा फिरवलेला चेहरा नाही. 63 भागांत जिमीला हे कधीच कळत नाही. आपल्या एखाद्या रोजच्या मालिकेत हेच गुपित चार महिने दाराआडून ऐकलं गेलं असतं आणि गणपतीच्या महाएपिसोडला फुटलं असतं. इथं ते फक्त चकला आणि आपल्याला माहीत. नंतर चक धाकट्याशी जेवढा कठोर वागतो, तेवढी मला ती हाक आठवते.

आता आकड्याची गोष्ट. जिमीची मैत्रीण किम वेक्सलर स्वतःच्या मेहनतीनं एका बँकेचं काम मिळवते, ते चकची फर्म हिसकावून घेते. तेव्हा जिमी चकच्या घरातल्या फायली गुपचूप झेरॉक्सच्या दुकानात नेतो आणि पत्त्यातल्या 1216 चे रात्रभर बसून 1261 करतो. कातरून, चिकटवून, पुन्हा झेरॉक्स मारून. सगळी कारागिरी कॅमेरा शांतपणे दाखवतो. सुनावणीत चक तोंडघशी पडतो आणि काम किमकडे परत जातं.

हे बघताना माझे हात गार पडले. सात-आठ वर्षांपूर्वी एका खरेदीखतात माझ्याकडून गट नंबर 317 च्या जागी 371 पडला होता. दस्त नोंदला गेला, मग पक्षकार ऑफिसात येऊन ओरडला. चूकदुरुस्ती पत्र करावं लागलं. मी तो आकडा तीनदा वाचला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून चक जेव्हा म्हणतो की अशी चूक माझ्याकडून होणंच शक्य नाही, तेव्हा त्याचा संताप मला आतून कळतो. त्याची चूक झालेलीच नसते, पण हे कोणी मानत नाही.

तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात याचा स्फोट होतो. जिमीच्या सनदेची चौकशी चालू आहे, चक साक्षीला. त्याच्या वरच्या खिशात फोनची बॅटरी 1 तास 43 मिनिटं होती आणि त्याला जाणवलीसुद्धा नाही, हे जिमी सगळ्यांसमोर सिद्ध करतो. मग चकचा बांध फुटतो. 1216, मॅग्ना कार्टाच्या (इंग्लंडमधला 1215 चा प्रसिद्ध हक्कनामा) पुढचं वर्ष, मी कसा विसरेन, इथपासून लहानपणच्या गल्ल्यातल्या चोरीपर्यंत सगळी आग बाहेर येते. कॅमेरा हळूहळू त्याच्या तोंडाजवळ जातो. मायकेल मकीन या नटानं तिथं जे केलं आहे, ते उभ्या जन्मात मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलेल्या म्हाताऱ्या भावांसारखं आहे. कायदा बाजूला राहतो, आईनं कुणावर जास्त माया केली हेच बाहेर येतं.

उणीव सांगायची तर ड्रग टोळ्यांचा भाग. माइक हा माजी पोलीस मला आवडला, पण बंदुकीवाले आले की माझं लक्ष उडायचं. आमच्या ह्यांना नेमकं तेच आवडलं. सुरुवातीचे तीन-चार भाग संथ आहेत, धीर धरावा लागतो.

किमबद्दल लिहावं तेवढं थोडं. रिया सीहॉर्ननं तिला फार कमी शब्दांत उभं केलंय. आधी चकच्याच फर्ममध्ये असताना तिला तळघरात बसवून कागदं तपासायला लावल्यावर ती मधल्या वेळेत ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करते, रंगीत चिकट कागदांवर नावं टिपते. काम मिळाल्यावरही वरिष्ठ तिला तळघरातून वर घेत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या दोन ज्युनिअर मुली मला तिथं दिसल्या. या मालिकेला एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराची 53 नामांकनं मिळाली आणि एकही पुरस्कार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सहाव्या सीझनच्या सातव्या भागात एका घरात मेणबत्ती तेवत असते. दार उघडल्यावर तिची ज्योत जराशी हलते. पुढं काय होतं ते मला आता माहीत आहे, म्हणून दुसऱ्यांदा बघताना मी तिथंच टीव्ही बंद केला. उरलेले सहा भाग कधी लावायचे, असं हे रोज विचारतात.