‘सगळं धरून’ पॅकेजात नेमकं काय धरलेलं असतं?

बडोद्यात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेलं की पहिली गाठ सर्जनशी पडत नाही, ‘काउन्सेलर’ ताईंशी पडते. समोरचं माणूस मराठी आहे हे कळलं की त्याही मराठीवर येतात. पंधरा मिनिटांत ‘पॅकेज सगळं धरून आहे, ऑफर महिनाअखेरपर्यंतच’ हे सांगून होतं, आणि मागोमाग ॲडव्हान्सची पावती पुढे येते. ही पावती हॉस्पिटलच्या नावाची आहे की मधल्या एजन्सीच्या, हे पैसे देण्याआधी वाचा. एजन्सीच्या नावाची असेल तर उद्या हॉस्पिटल सरळ हात वर करतं.

ऑपरेशन मुळात वाईट नाही. माणूस नीट निवडला तर स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं) किंवा बायपासनं (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं) मधुमेह आटोक्यात येतो, झोपेत श्वास अडकणं थांबतं, गुडघ्यांवरचा भार उतरतो. लबाडी बहुतेक वेळा होते ती आधीच्या पंधरवड्यात आणि नंतरच्या वर्षभरात. तिचा माग कागदावर राहतो, फक्त तो कागद पेशंटच्या हातात नसतो.

पहिला कागद उंचीचा. मोफत शिबिरात भिंतीला टेप चिकटवलेली असते, वजन जेवणानंतर, चपलांसकट होतं. ८४ किलो वजन आणि १५६ सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३४.५ येतो. तीच उंची १५३ लिहिली की तो ३५.९ होतो. तीन सेंटिमीटरनी कोणाचं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते विम्यात. सर्जन भारतीय पेशंटसाठी साधारण ३५ बीएमआय धरतात, मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३०. विम्याच्या प्रमाणित अटी याहून कडक आहेत: वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ व त्याहून जास्त, वजन उतरवायचे साधे उपाय फसलेले आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. म्हणून शिबिरातला ३४.५ चा माणूस कागदावर ३५.९ चा होतो आणि जोडीला ‘तीव्र स्लीप ॲप्निया’ लिहिला जातो. झोपेची तपासणी झालेलीच नसते. विमा कंपनी तिचा रिपोर्ट मागते, तो निघत नाही, कॅशलेस नाकारलं जातं. तोवर पेशंट ॲडमिट, सलाइन चालू, आणि ताई म्हणतात, ‘आत्ता ईएमआय करून टाका, नंतर रीइम्बर्समेंट मिळेल.’ ते मिळत नाही. उलट खोट्या माहितीचा ठपका पॉलिसीधारकावर येतो, कारण फॉर्मवर सही त्याची असते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज. ओटीपी सांगितला की ते मंजूर, आणि रक्कम थेट हॉस्पिटलकडे. ऑपरेशन रद्द केलं तरी हप्ता सुरू राहतो. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (अटींचा गोषवारा) कूलिंग-ऑफची, म्हणजे विचार बदलण्याची, मुदत लिहिलेली असते. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि त्या दिवसांपुरता खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. हा कागद मोबाइलवर येतो आणि कोणी उघडत नाही.

तपासण्यांत सगळ्यात जास्त दांडी मारली जाते ती एंडोस्कोपीला. बिलात ती असते, पण रिपोर्टला एकही फोटो जोडलेला नसतो. ती का हवी? स्लीव्हमध्ये जठराचा सत्तर-ऐंशी टक्के भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी होते आणि आतला दाब वाढतो. मुळात हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा जोराची ॲसिडिटी असेल तर ती अनेकदा बळावते. अशा पेशंटला बायपास सुचवायला हवा. पण स्लीव्ह लवकर उरकते, म्हणून पॅकेज तिचंच असतं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे, रक्तात बी-१२, डी, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि मानसोपचारतज्ज्ञाशी एक बैठक: एवढं न करता ‘परवा रविवारी घेऊ’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

रविवारचंही एक गणित आहे. जाहिरातीवर फोटो असलेले सर्जन बाहेरगावचे, सकाळी येतात, चार-पाच केसेस करतात, संध्याकाळी परत. ओटी नोटवर (ऑपरेशनची लेखी नोंद) मुख्य सर्जन म्हणून कोणाची सही आहे ते बघा. फोटो एकाचा आणि सही दुसऱ्याची असेल तर तुम्ही कोणाला पैसे दिलेत हा प्रश्न सरळ लेखी विचारण्याजोगा आहे.

आता स्टेपलरच्या कार्ट्रिजबद्दल, कारण बिल फुगतं ते मुख्यतः इथे. जठर कापताना आणि शिवताना स्टेपलर वापरतात, आणि त्यात पिनांची ६० मिलिमीटरची कार्ट्रिजं एकामागून एक भरली जातात. स्लीव्हला बहुधा पाच-सहा लागतात, जठर जाड किंवा लांब असेल तर एखाद-दुसरं जास्त. प्रत्येक कार्ट्रिज एकदाच वापरायचं असतं, आणि त्याच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर ओटीच्या कागदावर चिकटवायचं असतं. अशी एक फाइल: बिलात नऊ कार्ट्रिजं, ओटीच्या कागदावर स्टिकरं पाच. उरलेल्या चारांबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, ‘ती फायर झाली नाहीत, बाद गेली.’ बाद गेलेल्या कार्ट्रिजलाही पाकीट असतं आणि पाकिटाला स्टिकर. त्याच फाइलमध्ये स्टेपलरच्या हँडलची किंमत पूर्ण लावली होती, स्टिकर मात्र एकही नव्हतं. एकदा वापरून टाकायचं हँडल धुऊन-निर्जंतुक करून पुन्हा वापरलं जातं, हा संशय अशा कागदावरूनच येतो. सिद्ध करणं अवघड आहे, पण स्टिकर दाखवा म्हटल्यावर बिल कमी झालेलं दिसतं, हेही खरं.

संमतिपत्र गुजरातीत किंवा इंग्रजीत, आदल्या रात्री, कधी तर स्ट्रेचरवर. ‘लॅप्रोस्कोपी’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्याच्या ऑपरेशनला चालत नाही. स्लीव्ह की बायपास, नाव स्पष्ट हवं, आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं.

पॅकेजातली खरी मेख ‘कॉम्प्लिकेशन वगळून’ या दोन शब्दांत असते. शिवणीतून गळती झाली तर ती बहुधा वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या सांध्याजवळ होते, आणि अनेकदा पेशंट घरी गेल्यावर कळते. पडून असताना नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, धाप. यावर फोनवरून ‘गॅस आहे, थोडं चाला’ असं सांगितलं जातं, कारण ज्यांनी ऑपरेशन केलं ते गावात नसतात. चालत बसू नका, त्याच तासाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. पुढे ड्रेन (साचलेलं बाहेर काढणारी नळी), स्टेंट (गळती झाकणारी आतली नळी), आयसीयू असं लांबतं आणि त्याचं बिल मूळ पॅकेजाच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी मागा: तीस दिवसांत पुन्हा ऑपरेशन लागलं तर सर्जनची फी, ओटी आणि आयसीयू कोणाकडे? तोंडी ‘आम्ही आहोत ना’ याला काही किंमत नाही.

उलट्या थांबत नसतील तर आणखी एक धोका आहे, आणि तो घरच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवावा. आठवडा-दोन आठवडे उलट्या झाल्या की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, संपत येतं. अशात नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे गरगरणं, तोल जाणं, बरळणं ही तिची लक्षणं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज.

‘आजीवन फॉलो-अप’ म्हणजे पुष्कळदा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, ॲडमिन तीच ताई. केस गळतात असं लिहिलं तर ‘सगळ्यांचेच गळतात, पावडर घ्या’. बिलाबद्दल लिहिलं तर ग्रुपमधून बाहेर. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं नेहमीचं आहे हे खरं, पण त्याआड प्रोटीनची कमतरता लपते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि जठरात एका वेळी मावतं जेमतेम अर्धी वाटी. म्हणजे शाकाहारी माणसाला पावडर लागतेच, यात ताई खोटं बोलत नाहीत. पण ती त्यांच्याच काउंटरची असावी लागत नाही. डब्यावर एका स्कूपमध्ये किती ग्रॅम प्रोटीन आहे ते वाचून दुकानातून घ्या. कॅल्शियम, सायट्रेटच्या रूपात, रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, लोहापासून दोन तास लांब. बी-१२ आणि डी कायमचं. पित्ताशय शाबूत असेल तर खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडबद्दल विचारा. पॅकेजच्या चार्टमध्ये ते बऱ्याचदा नसतं. तरुण मुलींना वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं, हेही लग्न ठरवण्याच्या गडबडीत कोणी सांगत नाही.

फसल्यावर पहिल्यांदा भांडू नका, फाइल मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मागणी नावनिशीवार करा: ओटी नोट, ॲनेस्थेशियाचा चार्ट, स्टिकरांचा कागद, नर्सिंगच्या नोंदी, संमतिपत्र, काढलेल्या जठराचा बायोप्सी रिपोर्ट आणि तपशीलवार बिल. सर्जनच्या वागण्याची तक्रार अहमदाबादच्या गुजरात मेडिकल कौन्सिलकडे, विम्याची तिथल्याच ओम्बड्समनकडे (विमा लोकपाल), पैशांची जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. निष्काळजीपणाच्या तक्रारीत बहुधा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं आणि ते मिळता मिळत नाही. बिलातली नऊ कार्ट्रिजं आणि पाच स्टिकरं यांतला फरक दाखवायला तज्ज्ञ लागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या. काउंटरवर ‘मॅडम रजेवर आहेत’ म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा पावतीसोबत टाचून ठेवा.